सीमेबरोबर बदलणारा कायदा आणि नवदीक्षितांचे कर्तव्य

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत मोडतो. प्रवासी त्यावर बसून गंमत म्हणून छायाचित्र काढून घेतात आणि गाडी आली की निघून जातात. परंतु त्या स्थानकाच्या दोन्ही अंगांस जी गावित, भिल्ल, कोकणा आणि बौद्ध कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहात आली आहेत, त्यांना ही रेघ गमतीची नाही. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, त्या वेळी पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा व अक्कलकुवा या तालुक्यांतील कित्येक गावे गुजरातेत गेली. भाऊ एका राज्यात राहिला, बहीण दुसऱ्या राज्यात गेली. बोली तीच, शेत तेच, नातेगोते तेच. कायदा मात्र निराळा झाला. उत्तरेस नर्मदा ओलांडली की मध्य प्रदेश लागतो आणि तेथे तिसराच कायदा उभा असतो.

वाचक बंधु-भगिनींनो, धर्मांतराला आणि हक्काला वाहिलेल्या या पाक्षिकाने आदिवासींच्या कायद्याची चर्चा कशासाठी करावी, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, नंदुरबार जिल्ह्यात शेकडा एकोणसत्तर लोक अनुसूचित जमातींचे आहेत. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा म्हणजे मुख्यतः आदिवासींचाच जिल्हा होय. आपण बौद्ध येथे थोडे आहोत व त्यांच्या शेजारी आहोत. त्यांच्यापैकीही काही कुटुंबे बुद्धाला शरण येऊ लागली आहेत. म्हणून आज आमच्या वाचकांत दोन प्रकारची घरे आहेत: एक पूर्वाश्रमीच्या महारांचे व दुसरे पूर्वाश्रमी भिल्ल, पावरा, गावित म्हणविणाऱ्यांचे. विहारात दोघेही एकाच सतरंजीवर बसतात; तहसील कचेरीत मात्र दोघांना दोन निरनिराळ्या खिडक्यांपुढे उभे राहावे लागते. या दोन खिडक्यांचा भेद न कळल्यामुळे पुष्कळांचे नुकसान झालेले वकिलीच्या व्यवसायात आम्ही पाहिले आहे. तो भेद उलगडून सांगणे हा या लेखाचा हेतु आहे.

न्यायालयाच्या आवारात आम्हास सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: “साहेब, आम्ही दीक्षा घेतली तर आमचा जमातीचा दाखला जाईल काय?” हा प्रश्न विचारणाऱ्याची टवाळी करू नये. त्याला कोणीतरी भीती घातलेली असते. कायदा काय आहे ते पाहा. भारताच्या राष्ट्रपतींनी १९५० साली दोन आदेश काढले. एक अनुसूचित जातींचा व दुसरा अनुसूचित जमातींचा. जातींच्या आदेशात तिसरा परिच्छेद असा घातला गेला की, हिंदु धर्माहून भिन्न धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा दिली, आणि लक्षावधी लोकांनी हा परिच्छेद डोळ्यांसमोर असताना, सवलती जातील हे जाणून, तरीही दीक्षा घेतली. महाराष्ट्र राज्याने १९६० नंतर आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. परंतु केंद्राच्या नोकऱ्यांची व योजनांची दारे १९९० च्या दुरुस्तीपर्यंत बंदच होती. चौतीस वर्षे आपल्या समाजाने धम्माची ही किंमत रोख मोजली आहे.

जमातींच्या आदेशात असा परिच्छेद मुळीच नाही. भिल्लाने कोणता देव मानावा, किंवा मानूच नये, याविषयी तो आदेश एक अक्षर बोलत नाही. म्हणून आदिवासी मनुष्य बौद्ध झाला तरी त्याचे अनुसूचित जमातीचे स्थान केवळ त्या कारणाने जात नाही. २००४ साली केरळ राज्य विरुद्ध चंद्रमोहनन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मान्य केले. मात्र त्याच निकालात न्यायालयाने एक खुंटी मारून ठेवली आहे, तीही नीट ध्यानात घ्या. धर्म बदलल्यानंतर तो मनुष्य खरोखर त्या जमातीचा घटक उरला आहे काय, जमातीच्या चालीरीतींशी व तिला सोसाव्या लागणाऱ्या दुःखांशी त्याचा संबंध उरला आहे काय, हा पुराव्याचा प्रश्न आहे, असे न्यायालयाने म्हटले. याचा व्यवहारातील अर्थ एवढाच की, दीक्षा घेणाऱ्या आदिवासी बांधवांनी आपली बोली टाकू नये, भाऊबंदांशी उठबस टाकू नये, पाड्याच्या पंचांत बसणे टाकू नये. अंधश्रद्धा सोडा, दारू सोडा, बळी देणे सोडा. जमात सोडू नका. आणि ज्यांनी दीक्षा द्यावयाची त्यांनीही आदिवासीला त्याच्या नावाची व बोलीची लाज वाटेल असे एक वाक्यसुद्धा बोलू नये.

धर्मांतर केलेल्या आदिवासींना जमातींच्या यादीतून वगळावे, अशी मागणी अलीकडे देशाच्या अनेक भागांत मोर्चे काढून करण्यात येत आहे. तिचा रोख आज ख्रिस्ती व मुसलमान झालेल्यांकडे आहे, म्हणून आपणास त्याचे काय, असे समजून कोणी स्वस्थ बसू नये. धर्म बदलला म्हणून हक्क गेला, हे तत्त्व एकदा कायद्याच्या पुस्तकात शिरले की ते कोणाच्या दारात थांबेल हे आपण सांगू शकत नाही. त्याचा अनुभव चौतीस वर्षे घेतलेल्या समाजाला तरी हे समजावून सांगावे लागू नये.

आता दीक्षेचाच विधी घ्या. गुजरातेत २००३ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा लागू आहे. धर्मांतर घडवून आणणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतली पाहिजे आणि धर्मांतर करणाऱ्याने नंतर तशी खबर दिली पाहिजे, असे तो सांगतो. बौद्ध धर्म हा हिंदु धर्माहून वेगळा धर्म असून बौद्ध होण्यासही या कायद्याखाली परवानगी लागते, असे त्या सरकारने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने जाहीर केले. मध्य प्रदेशात २०२१ च्या कायद्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापन द्यावे लागते. अशा कायद्यांना न्यायालयांत आव्हान देण्यात आलेले आहे. परंतु ते रद्द होईपर्यंत कायदाच आहेत. आमचे स्पष्ट मत आहे की, मनुष्याने आपल्या विवेकाला स्मरून काय मानावे याची परवानगी कचेरीत मागावयास लावणे हे राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या आत्म्याशी विसंगत आहे. तरीही उच्छल, निझर, सागबारा किंवा अलिराजपूरकडील नातेवाइकांना बोलावून दीक्षेचा कार्यक्रम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रथम कोणत्या राज्याचा कोणता कायदा त्या दिवशी अमलात आहे हे तपासावे, कागद पुरे करावेत, आणि मगच मंडप घालावा. उत्साहाच्या भरात गरिबाच्या अंगावर फौजदारी ओढवून देणे हे धम्मकार्य नव्हे.

जमातीचा दर्जाही सीमेवर थांबतो. घटनेच्या ३४२ व्या अनुच्छेदाप्रमाणे जमातींची यादी राज्याराज्यापुरती असते. महाराष्ट्राच्या यादीत पावरा, वसावे, तडवी भिल्ल ही नावे भिल्लांच्या नोंदीत आहेत. गावित, मावची व पाडवी एका नोंदीत आहेत. शेजारच्या राज्यात त्याच रक्ताच्या माणसाचे नाव निराळ्या नोंदीत असू शकते. १९७६ पूर्वी तर एकाच राज्यात एका तालुक्यात जमात व शेजारच्या तालुक्यात जमात नव्हे, असेही होते. ती क्षेत्रबंधने त्या वर्षीच्या कायद्याने बहुतेक उठली. पण राज्याची सीमा उरलीच. आंध्र प्रदेशातील अनुसूचित जमातीच्या एका विद्यार्थ्याने मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली, तेव्हा १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एका राज्यातील जमातीचा मनुष्य दुसऱ्या राज्यात गेला म्हणजे तेथील राखीव जागांचा हक्कदार होत नाही. ऊसतोडीला, विटभट्टीला अथवा कारखान्यात कामाला म्हणून सुरत, बारडोलीकडे गेलेल्या आपल्या माणसांनी हे लक्षात ठेवावे. मुलांच्या दाखल्यासाठी मूळ गावचे जुने कागद जपून ठेवा. आजोबांच्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा आणि जुना महसुली उतारा हे दोन कागद पडताळणी समितीपुढे मोठमोठ्या भाषणांपेक्षा अधिक काम करतात.

हे भेद आले कोठून? ते काल-परवाचे नाहीत. १८७४ साली इंग्रज सरकारने अनुसूचित जिल्ह्यांचा कायदा केला. त्यात सातपुड्याच्या कुशीतील मेवासी संस्थानिकांची गावे घातली होती. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली अशी ती छोटी संस्थाने. सामान्य कायदा तेथे आपोआप लागू होत नसे. १९३५ च्या कायद्याखाली शहादा, नंदुरबार, तळोदा, नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि मेवासी गावे ही अंशतः वगळलेली क्षेत्रे ठरली. इंग्रजांचा हेतु आदिवासींचे कल्याण हाच होता असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. रान आणि बंडाची भीती ही दोन कारणे त्यामागे होती. परंतु सामान्य कायदा जसाच्या तसा लावला तर सावकार व वकील मिळून आदिवासीची जमीन गिळतात, ही गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली होती.

घटना तयार होताना या प्रश्नाचे दोन भाग पाडण्यात आले. आसामच्या डोंगरी प्रदेशासाठी गोपीनाथ बार्डोलोई यांची उपसमिती आणि उरलेल्या देशासाठी ठक्करबाप्पांची उपसमिती नेमली गेली. त्यांतून सहावी व पाचवी अशा दोन अनुसूची निघाल्या. सहाव्या अनुसूचीत आज आसाम, मेघालय, त्रिपुरा व मिझोराम येथील डोंगरी क्षेत्रे आहेत. तेथे निवडून आलेली जिल्हा परिषद जमीन, राखीव नसलेले जंगल, वारसा, विवाह आणि रूढी यांविषयी स्वतः कायदे करू शकते व स्वतःची ग्रामन्यायालये स्थापू शकते. नागालँडात तर ३७१-अ या अनुच्छेदामुळे जमिनीची मालकी व रूढिगत कायदा यांविषयीचा संसदेचा कायदासुद्धा तेथील विधानसभेने ठराव केल्यावाचून लागू होत नाही. आपल्याकडे पाचवी अनुसूची आहे. तीत आदिवासींना स्वतः कायदा करण्याचा अधिकार नाही. राज्यपालांनी कायदा बदलावा, रोखावा किंवा विनियम करावा, आणि जास्तीत जास्त वीस सभासदांच्या सल्लागार परिषदेने सल्ला द्यावा, अशी ती रचना आहे. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके संपूर्ण आणि शहादा व नंदुरबार तालुक्यांतील काही गावे या अनुसूचीखाली १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. शहाद्याच्या एका गावात जो कायदा लागतो तो पलीकडच्या गावात लागतोच असे नाही.

हा भेद का केला, याचे उत्तर सप्टेंबर १९४९ मध्ये घटनासमितीत बाबासाहेबांनी दिले होते. आसामबाहेरील आदिवासी सभोवतालच्या बहुसंख्य समाजाच्या चालीरीतींत बरेच मिसळून गेले आहेत. आसामच्या डोंगरांतील लोकांचे वारसा, विवाह व रूढी सर्वस्वी निराळे आहेत आणि त्यांची स्थिती अमेरिकेतील रेड इंडियनांसारखी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. बाबासाहेबांचे वाक्य म्हणजे वेदवाक्य मानू नये, ही बाबासाहेबांचीच शिकवण आहे. म्हणून आम्ही विचार करून सांगतो की, सातपुड्याच्या पावऱ्यांची बोली, जमीन वाटण्याची रीत व पंचांचा न्याय पाहता, मिसळून गेल्याची ती समजूत येथे पुरती लागू पडत नाही. परंतु त्यांनी उभा केलेला मूळ विचार अचूक होता. ज्याची अवस्था निराळी त्याचे संरक्षण निराळे. सर्वांना एकच जोडा घालण्यास समता म्हणत नाहीत.

पाचव्या अनुसूचीची ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी झाबुआकडील दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीने १९९५ साली अहवाल दिला व १९९६ साली पेसा कायदा आला. त्याने ग्रामसभेला बळ दिले. बेकायदा गेलेली जमीन परत आणणे, सावकारीवर देखरेख, गौण वनोपजाची मालकी, गावबाजार आणि भूसंपादनापूर्वी सल्ला हे विषय ग्रामसभेपुढे आले. पण कायदा दिल्लीत झाला आणि नियम करावयाचे राज्यांनी. महाराष्ट्राने ते २०१४ साली केले, गुजरातने २०१७ साली, तर मध्य प्रदेशाने २०२२ साली. म्हणजे एकाच नदीच्या तीन काठांवरील लोकांना एकच हक्क तीन निरनिराळ्या काळी मिळाला. नर्मदेने हे एकदाच दाखविले नाही. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यानंतर सरदार सरोवरात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील तेहेतीस गावे आली. परंतु निवाड्यापलीकडे भूमिहीनांना काय द्यावयाचे हे तिन्ही राज्यांनी आपापल्या मर्जीने ठरविले. पाणी सर्वांच्या घरात सारख्याच उंचीने चढले, न्याय मात्र सारख्या उंचीने चढला नाही.

जमिनीच्या बाबतीत तर हा भेद डोळ्यांत भरतो. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या महसूल संहितेप्रमाणे अधिसूचित आदिवासी क्षेत्रात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला मुळी देताच येत नाही. जिल्हाधिकाऱ्यालाही परवानगीचा अधिकार नाही. महाराष्ट्रात १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी व मोठ्या व्यवहारास राज्य सरकारची मान्यता असेल तर तशी जमीन देता येते. गुजरातेतही जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीचीच पद्धत आहे. आंध्र व तेलंगणाच्या अनुसूचित क्षेत्रांत १९७० च्या विनियमाने याहून पुढचे पाऊल टाकले: तेथे बिगर-आदिवासीची जमीनसुद्धा दुसऱ्या बिगर-आदिवासीला विकता येत नाही, ती आदिवासीलाच विकावी लागते. १९९७ च्या ‘समता’ खटल्यात तर सरकारनेही अशी जमीन खाजगी खाणवाल्याला भाडेपट्ट्याने देऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. थोडक्यात, आपल्याकडे कायदा आदिवासी माणसाच्या मागे चालतो, आंध्रात तो आदिवासी भूमीच्या मागे चालतो. महाराष्ट्रात दार आहे व त्याला कुलूप आहे. नर्मदेपलीकडे दारच नाही. ज्या दाराला कुलूप असते त्याच्या किल्ल्या कोणाच्या तरी खिशात असतात, हे सांगावयास नको.

खानदेशात या किल्ल्यांनी काय केले हे शहाद्याला विचारा. आपल्याच जमिनीवर सालदार होऊन राबणाऱ्या भिल्लांची ती कहाणी आहे. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली ते उठले, १९७२ साली शहाद्यास भूमुक्तीचा मेळावा भरला, श्रमिक संघटना उभी राहिली. त्या व राज्यातील तशाच असंतोषाच्या काळातच आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची त्यात तरतूद आहे, आणि १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनेला धरून आहे असा निर्वाळा दिला. कायदा आकाशातून पडत नाही, तो संघटनेच्या दबावाने येतो, हा त्यातील धडा आहे.

आता एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्या समाजातील काही नोकरदार मंडळी निवृत्तीनंतर किंवा त्याआधीच आदिवासीची जमीन ‘घेऊन ठेवू’ लागली आहेत. खरेदीखत होत नाही हे त्यांना ठाऊक असते; म्हणून साध्या कागदावर अंगठा घेतात, सातबारा त्याच्याच नावावर ठेवतात, आणि पीक स्वतः नेतात. कोणी विचारले तर म्हणतात, “आम्हीही मागासलेलेच आहोत.” अशांना आम्ही दोन उत्तरे देतो. पहिले कायद्याचे. जमीन परत करण्याच्या कायद्यात मनुष्य आदिवासी किंवा बिगर-आदिवासी असतो. तिसरा वर्ग नाही. पूर्वाश्रमीचा महार असलेला बौद्ध हा त्या कायद्यापुढे बिगर-आदिवासीच होय, आणि त्याने केलेला चोरटा व्यवहार जमीनदाराच्या व्यवहाराइतकाच बेकायदा आहे. दुसरे उत्तर धम्माचे. पंचशीलातील दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे, आणि उपासमारीच्या दिवसात पाचशे रुपयांवर घेतलेला अंगठा हे दान नव्हे. गावकुसाबाहेर राहून ज्यांनी आपल्या आजोबांचे हाल पाहिले, त्यांनी दुसऱ्याच्या आजोबाचे शेत गिळावे, याहून मोठे धर्मांतर उलटणे कोणते?

जंगलाच्या जमिनीविषयी दोन्ही घरांनी ऐकावे. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित जमातींना व इतर पारंपरिक वननिवासींना निरनिराळ्या मापाने मोजतो. आदिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवावयाचे. बिगर-आदिवासीने, म्हणजे तेथे राहणाऱ्या बौद्ध कुटुंबानेसुद्धा, त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, अर्थात पंचाहत्तर वर्षे, तेथला रहिवास दाखवावयाचा. ही अट जाचक आहे यात शंका नाही. ज्यांना गावाने कधी घराचा उताराही दिला नाही त्यांनी पंचाहत्तर वर्षांचा कागद आणावा कोठून? परंतु हताश होऊ नका. नियमांनी वृद्धांचे जबाब पुरावा म्हणून मान्य केले आहेत. जुनी मतदार यादी, दंडाच्या पावत्या, बांध, विहीर, स्मशानभूमी यांनाही मोल आहे. मिळणारा हक्क चार हेक्टरांच्या मर्यादेत असतो, तो पती-पत्नी दोघांच्या नावे होतो, वारसांना जातो, पण विकता येत नाही. दावा फेटाळला गेला तर कारण लेखी मागा व साठ दिवसांच्या आत अपील करा. महाराष्ट्रात २०२० साली राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील आपला अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रांसाठी जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. शेजारच्या राज्यातील नातेवाइकाला विचारून ‘अपील नसते’ अशी समजूत करून घेऊ नका. फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्यांना हुसकून लावण्याचा आदेश निघाला व त्याच महिन्यात तो स्थगित झाला, हा प्रसंग आठवा. फेटाळलेला दावा घरात गुंडाळून ठेवणे धोक्याचे आहे.

शेवटी मुलींचा हक्क. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याची योजना पाहून कित्येकांना आश्चर्य वाटेल. तो कायदा बौद्धांना लागू आहे. परंतु त्याच्याच दुसऱ्या कलमात म्हटले आहे की, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणून विहारात शेजारी बसलेल्या दोन बौद्ध मुलींपैकी पूर्वाश्रमीच्या महाराची मुलगी २००५ च्या दुरुस्तीप्रमाणे भावाच्या बरोबरीने वाटा मागू शकते, आणि पावऱ्याची मुलगी रूढीच्या तोंडाकडे पाहते. ज्या हिंदु संहितेसाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, तिच्या कक्षेबाहेर देशातील आदिवासी स्त्री आजही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा दुरुस्त करण्याचा विचार करा असे केंद्राला सुचविले. जुलै २०२५ मध्ये एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने असे ठरविले की, मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झाली नाही तर त्यांना समान वाटा दिला पाहिजे. म्हणजे पुराव्याचे ओझे आता मुलीच्या डोक्यावरून उतरू लागले आहे. परंतु धम्म स्वीकारलेल्या आदिवासी बापाने न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. वाटणीत मुलीचे नाव घालण्यास कोणताही कायदा मनाई करीत नाही.

कोणी म्हणेल, इतके भेद असतील तर सर्व देशाला एकच कायदा का करू नये? आमचे उत्तर असे की, एकच कायदा कोणता, हे आधी विचारा. मध्य प्रदेशाचे बंद दार सर्वांना लागू होणार असेल तर आम्ही स्वागत करू. महाराष्ट्राचे कुलूप सर्वांना लागणार असेल तर विरोध करू. संरक्षण अधिक असेल तेथवर सर्वांना चढवावे, कमी असेल तेथवर कोणालाही उतरवू नये. भारताने आदिवासींविषयीचा १९५७ चा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा करार मान्य केला, पण त्यांच्या संमतीवर भर देणारा १९८९ चा करार अद्याप मान्य केलेला नाही. प्रश्न समानतेचा नाही. ज्यांचे रान आणि जमीन जाणार त्यांना विचारावयाचे की नाही, याचा आहे.

तेव्हा, बंधु-भगिनींनो, येत्या पंधरवड्यात प्रत्येक विहाराने एक बैठक घ्यावी. आपले गाव अनुसूचित क्षेत्रात आहे की नाही हे तलाठ्याकडून खात्रीपूर्वक जाणून घ्यावे. ग्रामसभेच्या दिवशी बौद्ध व आदिवासी स्त्री-पुरुषांनी एकत्र जावे. अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद जमातीसाठी राखीव असते म्हणून रुसून घरी बसू नये. ज्यांना अक्षर येते त्यांनी शेजारच्या पाड्यातील वनहक्काचे अर्ज फुकट लिहून द्यावेत. आणि ज्यांच्या घरात आदिवासीच्या अंगठ्याचा साधा कागद आहे, त्यांनी तो पुढच्या पौर्णिमेपूर्वी ज्याचा त्याला परत करावा व त्याचे शेत त्याच्या हवाली करावे. त्या कागदाला न्यायालयात किंमत नाही आणि धम्मात तो लज्जास्पद आहे.

राज्यांच्या सीमा सरकारने आखल्या आहेत, त्या आपण पुसू शकत नाही. परंतु त्या रेघेच्या दोन्ही बाजूंस राहणाऱ्या माणसांना एकमेकांचा कायदा ठाऊक असणे, आणि एकाच्या हक्कासाठी दुसऱ्याने उभे राहणे, हे आपल्या हातात आहे. ते आपण केले नाही, तर विहारातल्या एकाच सतरंजीला काय अर्थ उरेल?